तांब्याचा जग, पातेलं, दाराची मूठ आणि तार : काही महिन्यांच्या वापरानंतर

तांब्याच्या वस्तूंबद्दल वाचायला गेलं की दोन टोकं सापडतात. काहींच्या मते तांब्याचं पाणी म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचा उतारा, आणि काहींच्या मते तांबं म्हणजे नुसती घासाघाशी. गेले काही महिने मी चार वस्तू रोज वापरते आहे : झाकणाचा रुंद तोंडाचा जग, आतून कल्हई केलेलं जाड पातेलं, स्वयंपाकघराच्या दाराला लावलेली मूठ आणि शुद्ध तांब्याच्या तारेचं एक्स्टेन्शन बोर्ड. पहिल्या तिन्ही वस्तूंनी एक गोष्ट पक्की शिकवली. तांबं आजूबाजूच्या पाण्याशी, हवेशी, घामाशी सतत काहीतरी देवघेव करत असतं. जंतू मरतात ते त्यामुळेच, आणि भांडं काळवंडतं तेही त्यामुळेच. त्यामुळे डाग न पडणारं तांबं शोधण्यात अर्थ नाही. ही देवघेव कुठे हवी आणि कुठे नको, हे ठरवून वस्तू घ्यावी.

आधी जग, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते.

नवा होता तेव्हा आतून गुलाबीसर नारिंगी चकाकत होता. थोड्याच दिवसांत, रात्रभर पाणी जिथपर्यंत राहायचं तिथे एक तपकिरी रेघ उठली. रेघेच्या वर, झाकणाखाली जिथे दमटपणा साठतो, तो पट्टा सगळ्यात आधी गडद झाला. सतत पाण्याखाली राहणाऱ्या बुडाचा रंग सावकाश बदलला, आणि बुडावर जे पांढुरके ठिपके आले ते तांब्याचे नव्हतेच, पाण्यातले क्षार होते. तपकिरी थर म्हणजे तांब्याचा ऑक्साइड. त्याला घाबरायचं कारण नाही. उलट तो बसल्यावर पाण्याला सुरुवातीला जी किंचित धातूची चव लागत होती ती गेली, कारण कोऱ्या, चकचकीत तांब्यातून पाण्यात जास्त तांबं उतरतं आणि थर जमला की ते प्रमाण कमी होतं. लक्ष ठेवायचं ते हिरवट-निळ्या पुटावर. तसं पूट आत दिसलं की ते पाणी ओतून द्यायचं आणि जग घासून काढायचा.

जंतूंचं म्हणाल तर यात खरोखर तथ्य आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कॉलरासह जुलाबाला कारण होणारे जंतू मुद्दाम मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यांत १६ तास ठेवलं होतं. त्यानंतर पाण्यात ते जंतू सापडले नाहीत. त्या पाण्यात उतरलेलं तांबं लिटरमागे ०.१८ मिलिग्रॅमच्या आसपास होतं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सांगितलेली मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे, म्हणजे हे प्रमाण तिच्या दहाव्या हिश्शाच्याही आत बसतं. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ०.९ मिलिग्रॅम तांबं लागतंच आणि ते रोजच्या जेवणातून मिळतं. तेव्हा तांबं पोटात जावं म्हणून जग घेण्याची गरज नाही. साठवलेलं पाणी चांगलं राहावं यासाठी घ्या, ते कारण पुरेसं आहे.

मात्र १६ तास म्हणजे १६ तास. सकाळी भरून तासाभरात प्यायलं तर त्या अभ्यासाचा हवाला देता येत नाही. गढूळ पाणी तांब्याने स्वच्छ होत नाही, आणि आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट असले विरघळलेले पदार्थ तांबं काढत नाही. माझ्याकडे पाणी आधी फिल्टरमधून जातं आणि मग जगात. हा क्रम मी बदलणार नाही. चार-पाच दिवस घर बंद राहिलं तर आल्यावर जगातलं पाणी सरळ झाडांना.

जगात पाण्याशिवाय काही नको. लिंबू पिळलेलं पाणी नको, फळांचा रस नको आणि सोडा तर अजिबात नको. सोड्याच्या बुडबुड्यांतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात आम्ल तयार करतो आणि ते तांबं भराभर विरघळवतं. सोडा देणाऱ्या यंत्रांत कार्बोनेटेड पाणी उलटं तांब्याच्या नळीत शिरलं आणि ते पिणाऱ्यांना मळमळ, उलट्या झाल्या, असे प्रकार खरोखर घडलेले आहेत. तान्ह्या बाळाचं दूध तांब्या-पितळेच्या उघड्या भांड्यात तापवणं किंवा साठवणं टाळा. त्याचा संबंध लहान मुलांच्या यकृताच्या एका गंभीर आजाराशी जोडला गेलेला आहे. विल्सन्स डिसीज असलेल्यांच्या शरीरातून तांबं नीट बाहेर पडत नाही, त्यांनी तर हा जग घेऊच नये.

आता घासण्याबद्दल. रोज मी फक्त विसळते आणि आतून मऊ कापड फिरवते. रंग फारच गडद झाला की लिंबाची फोड मिठात बुडवून चोळायची. हे जवळून बघण्यासारखं असतं. फोड जिथून जाते तिथे तपकिरी रंग क्षणात विरघळतो आणि खालून फिकट गुलाबी, जवळजवळ मांसल रंगाचं तांबं उघडं पडतं. लिंबातलं आम्ल ऑक्साइड सोडवतं आणि मिठातलं क्लोराइड सुटलेल्या तांब्याला धरून ठेवतं, म्हणून नुसत्या लिंबापेक्षा ही जोडी जास्त चालते. त्यानंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडं पुसायला हवं. आम्ल आणि मीठ मागे राहिलं, तर सुकल्यावर डाग पहिल्यापेक्षा वाईट दिसतो आणि कडेला हिरवं धरतं. तारेची घासणी वापरू नका. ओरखडे पडतात ते पडतातच, शिवाय लोखंडाचे बारीक तुकडे अडकून तिथे गंज येतो. आतून रोज आरशासारखं लखलखीत करायचा अट्टाहासही मी सोडायला सांगेन, कारण दर वेळी तुम्ही त्या कोऱ्या, जास्त विरघळणाऱ्या पृष्ठभागावर परत येता.

बाटली की जग असं विचाराल तर निःशंक जग, आणि तोही हात आत जाईल एवढ्या तोंडाचा. अरुंद गळ्याच्या बाटलीत खांद्याच्या आतल्या बाजूला कापड पोचत नाही, आणि झाकणाच्या आट्यांत काळा-हिरवा मळ साचतो तो दिसतही नाही. तांबं मऊ असतं हेही ध्यानात घ्या. सिंकच्या कडेला हलकंसं लागलं तरी पोचा पडतो. माझ्या जगाला दोन पडले आहेत, वापरात त्याने काही फरक पडत नाही.

पातेल्यावर माझा सगळ्यात जास्त जीव बसला आहे.

ते अडीच मिलिमीटर जाडीचं आहे. उचलताना आधी वजन जाणवतं. तांब्याची घनता पाण्याच्या जवळजवळ नऊपट, ॲल्युमिनियमची पावणेतीनपट, त्यामुळे मनगटं दुखत असतील तर हे पातेलं तुमच्यासाठी नाही. पण उष्णता वाहून नेण्यात घरातलं दुसरं कुठलंही भांडं त्याच्या जवळपास येत नाही. उष्णतावहनाच्या एकाच मापात तांब्याचा आकडा ४०० च्या आसपास येतो, ॲल्युमिनियमचा २३७ आणि स्टेनलेस स्टीलचा फक्त १५ ते १६. आकडे वाचून नीटसं कळत नाही म्हणून मी पिठाची चाचणी केली. रिकाम्या भांड्यात कोरड्या पिठाचा पातळ थर पसरायचा आणि मंद आचेवर ठेवून बघत राहायचं. स्टीलच्या पातेल्यात बर्नरच्या ज्योतींचं कडं जसंच्या तसं पिठावर उमटलं, कडं करपलं तरी मधलं पीठ पांढरंच होतं. तांब्याच्या पातेल्यात सगळं पीठ एकदम बदामी होत गेलं, मधे, कडेला, सगळीकडे सारखं. ज्वाला कुठे आहे हे पिठावरून सांगताच आलं नसतं.

रोजच्या कामात याचा अर्थ असा की घट्ट सॉस, साखरेचा पाक, दुधाचे पदार्थ बुडाला एका जागी लागत नाहीत. आणि आच कमी केली की पातेलं लगेच ऐकतं. स्टीलच्या भांड्यात दूध वर येताना गॅस बंद केला तरी साय थोडी चढतच राहते, इथे ती तिथल्या तिथे खाली बसते. पाक करताना रंग सोनेरी झाल्यावर थांबवायला हाताशी अवघे काही क्षण असतात, तिथे हा फरक फार मोलाचा वाटतो.

आतल्या कल्हईबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण पातेलं वापरायचं की नाही ते तिच्यावर ठरतं. टोमॅटो, दही, व्हिनेगर, लिंबू असं काहीही आंबट उघड्या तांब्यात शिजलं की तांबं अन्नात उतरतं, म्हणून आतून कथलाचा थर देतात. हे पातेलं जुनं होतं. वापरायला काढण्याआधी मी कल्हई करून घेतली आणि शेजारी उभी राहून पाहिली. भांडं तापवलं, आत नवसागराची पूड टाकली, भसकन पांढरा धूर निघाला आणि त्याबरोबर तांब्यावरचा काळपटपणा निघून गेला. मग कथलाची कांडी टेकवली. ती टेकताक्षणी वितळून थेंब झाली, आणि कापसाच्या बोळ्याने तो थेंब कडेपर्यंत पसरवला. काळपट लाल बूड बघता बघता रुपेरी झालं. नवसागर तिथे ऑक्साइड काढून टाकतो, म्हणूनच कथील तांब्याला धरतं. तो नीट टाकला नाही तर कल्हई सोलून निघते.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, हा आकडा लक्षात ठेवा. रिकामं पातेलं मोठ्या आचेवर विसरलं तर आतला थर गोळा होतो. कडक तापवून परतायचे पदार्थ यात करायचेच नाहीत, त्याला लोखंडी तवा-कढई बरी. डाव लाकडाचा. माझ्या पातेल्यात बुडाशी जिथे डाव फिरतो तिथला थर मळकट राखाडी झाला आहे, ते स्वाभाविक आहे. नाण्याएवढ्या जागेतून लालसर तांबं दिसायला लागलं की पुन्हा कल्हई करायची. हा व्याप नको असेल तर आतून स्टेनलेस स्टील जोडलेली तांब्याची भांडी मिळतात, ती जास्त सोशीक असतात. आणि वजनही नको, निगाही नको असं असेल, तर जाड ॲल्युमिनियमचं भांडं घ्या. उष्णतेच्या बाबतीत ते तांब्याच्या साठेक टक्के आहे आणि वजनाला तिसऱ्या हिश्शाहूनही हलकं. तांब्यावर माझं प्रेम असलं तरी हे सांगायलाच हवं. नेहमीच्या इंडक्शन शेगडीवर नुसतं तांबं चालत नाही, हेही विकत घेण्याआधी बघा.

उघड्या तांब्याला स्वयंपाकघरात एक मानाची जागा मात्र आहे. अंड्याचा पांढरा भाग फेटायला तांब्याचं कल्हई नसलेलं वाडगं वापरतात. अंड्यातलं एक प्रथिन तांब्याला धरतं आणि फेस जास्त टिकतो, थोडं जास्त फेटलं तरी लगेच पाणी सुटत नाही. फेसाला किंचित सोनेरी झाकही येते.

दाराच्या मुठीबद्दल थोडक्यात. ती लॅकर किंवा मेणाचा हात न दिलेली, उघड्या तांब्याचीच हवी, कारण वर पारदर्शक थर असेल तर तांब्याला जंतू भेटतच नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंची जंतुनाशक पृष्ठभाग म्हणून नोंदणी केली. ठरावीक जीवाणूंपैकी ९९.९ टक्के दोन तासांत मरतात, असा तो दावा आहे. दोन तास म्हणजे लागोपाठ दोन जणांनी मूठ धरली तर उपयोग नाही, तेव्हा हात धुणं आलंच. दिसायला ती फार छान झाली आहे. बोटं जिथे पडतात तिथे उजळ, बाकी चॉकलेटी. हाताला येणारा तो ओळखीचा वास धातूचा स्वतःचा नसतो, त्वचेवरच्या तेलकट पदार्थांशी तांब्याची क्रिया होऊन तो तयार होतो.

मूठ हिरवी होईल का, असं मला विचारलं गेलं. घरात, कोरड्या हवेत आणि रोजच्या हाताळणीत, नाही होत. हिरवा रंग यायला उघडी हवा, पाऊस आणि वर्षं लागतात. न्यू यॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा १८८६ मध्ये उभा राहिला तेव्हा तांबूस होता. आधी तपकिरी पडला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत पूर्ण हिरवा झाला. त्याचा पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटरचा, म्हणजे माझ्या पातेल्याहून पातळ, आणि हिरव्या थराखाली तो अजून शाबूत आहे. खराब झाला तो आतला लोखंडी सांगाडा. दोन वेगळे धातू एकमेकांना लागून ओले राहिले की त्यातला जास्त क्रियाशील धातू झिजतो, आणि तांब्यापुढे लोखंड हरतं. १९८० च्या दशकातल्या दुरुस्तीत त्या लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या. हेच लहान प्रमाणात माझ्या ओट्यावर दिसलं. जगाखाली ॲल्युमिनियमचा ट्रे असायचा. जगाच्या बुडाची ओली गोल कडा जिथे टेकायची, बरोबर तिथे ट्रेवर पांढरी भुकटी आणि सुईच्या टोकाएवढे खड्डे आले. जगाला काहीच झालं नाही. आता खाली लाकडी पाट आहे.

तांब्याचं कडं घालून सांधे दुखायचे थांबतात का, हाही प्रश्न हटकून येतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत संधिवाताच्या ७० रुग्णांनी तांब्याची कडी वापरून पाहिली. नुसत्या दिखाऊ कड्यांपेक्षा त्यांचा वेगळा फायदा दिसला नाही. आवडतं म्हणून जरूर घाला. औषध बंद करू नका.

विकत घेताना खात्री कशी करायची? लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड किंवा पोलाद आहे, एवढं कळतं. न चिकटणं मात्र पुरेसं नाही, कारण पितळ आणि ॲल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही. वजन हातात तोलून बघा आणि कडेची जाडी बघा. नुसत्या तांबूस रंगाच्या नॉनस्टिक भांड्यांत अनेकदा तांबं नावापुरतंही नसतं, आणि स्टीलच्या बुडाला दिलेला कागदाएवढा तांब्याचा मुलामा शोभेपुरता असतो, आच पसरवायला तो पुरत नाही. जाड तांबं असेल तर एक गंमत करून बघता येते. तिरप्या धरलेल्या तांब्याच्या पाटीवरून ताकदवान निओडिमियम चुंबक सोडला तर तो घसरत नाही, सावकाश सरकत खाली येतो. फिरत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तांब्यात वीजप्रवाह तयार होतात आणि ते चुंबकालाच अडवतात. घरातली मुलं यावरून हटत नाहीत. (जाड ॲल्युमिनियमवरही हे होतं, म्हणून रंग आणि वजन सोबत बघायचं.)

शेवटी तार. जगाइतकी ती कोणाला दिसत नाही, पण सुरक्षिततेच्या दृष्टीने मला हीच खरेदी सगळ्यात महत्त्वाची वाटते. विजेच्या वहनात चांदीनंतर तांब्याचाच नंबर लागतो. १९१३ मध्ये शुद्ध, मऊ केलेल्या तांब्याचं वहन १०० टक्के धरून मानक ठरवलं गेलं आणि आजही बाकीच्या धातूंची तुलना त्याच्याशी होते. ॲल्युमिनियम त्यात ६१ च्या आसपास आहे. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार सर्रास मिळते, तिचं वहन शुद्ध तांब्याच्या साधारण दोन तृतीयांश असतं. १.५ चौरस मिलिमीटरची १० मीटर लांब तार आणि १० ॲम्पिअर प्रवाह घ्या. जाण्या-येण्याच्या दोन्ही तारा मिळून तांब्यात २३ वॉट उष्णता होते, मुलाम्याच्या तारेत ३५ च्या घरात. वेटोळं करून ठेवलेल्या वायरमध्ये ही उष्णता बाहेर पडायला वाव नसतो. माझं आधीचं बोर्ड हीटर लावला की प्लगपाशी चांगलं गरम व्हायचं, तांब्याच्या तारेचं आल्यापासून ते कोमटच राहतं. ॲल्युमिनियमचा दुसरा दोष असा की स्क्रूखाली दाबलेली तार हळूहळू दबत जाते, जोड सैल होतो आणि सैल जोड आणखी तापतो.

बोर्ड किंवा सुटी वायर घेताना सोललेलं टोक मागा आणि त्यातली केसासारखी एक बारीक तार चाकूने खरवडा. आतपर्यंत लाल दिसली तर तांबं. खाली रुपेरी पांढरं निघालं तर ती मुलाम्याची आहे, तिच्यावर फार तर मोबाइलचा चार्जर लावा, हीटर किंवा इस्त्री नको.